घरपट्टीचे देयक आणि विधिमंडळ

मालमत्ता कराचे देयक महापालिका पाठविते, थकबाकीची नोटीसही तीच बजावते; त्यामुळे या कराचा कर्ता-करविता महापालिकाच होय असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेला अनुच्छेद २४३-भ हा अधिकार राज्य विधिमंडळाकडे सोपवितो. नागरी संस्थेने कोणता कर, कोणत्या पद्धतीने व किती मर्यादेत घ्यावा, हे विधिमंडळ कायद्याने ठरविते. लहान घर घेणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीने या व्यवस्थेचे बरेवाईट परिणाम पाहावयाचे असतील, तर मुंबईइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. त्यानुसार कराचा पाया होता घराचे संभाव्य वार्षिक भाडे. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा केले, की करयोग्य मूल्य निघत असे. पुढे १९४७ साली भाडेनियंत्रण कायदा आला आणि ज्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते, तेच त्यांचे प्रमाणभाडे ठरले. हेतू उदात्त होता. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला आधार हवाच होता. परंतु कर भाड्याला बांधलेला आणि भाडे गोठलेले, म्हणून करही गोठला. प्रमाणभाड्याहून अधिक भाडे गृहीत धरून कर आकारता येणार नाही, असा कौल सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका प्रकरणात १९६१ साली दिला आणि पुढे दिल्लीच्या प्रकरणातही तोच कायम ठेवला. दक्षिण मुंबईतील प्रशस्त जुन्या सदनिकेला नाममात्र कर आणि दूरच्या उपनगरात कर्ज काढून घेतलेल्या दोन खोल्यांच्या नव्या घराला त्याच्या कितीतरी पट कर, हा विपर्यास त्यातून जन्मला. गरिबाच्या नावाने दिलेले संरक्षण श्रीमंताच्या दारी जाऊन बसले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरीकडे, भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना म्हणून जुन्या इमारती ढासळू लागल्या. मग १९६९ साली विधिमंडळाने आणखी एक कायदा करून दुरुस्ती उपकर बसविला. मुंबई बेटावरील १९,६४२ इमारती ‘उपकरप्राप्त’ म्हणून नोंदल्या गेल्या.

भाडे आणि कर यांची ही गाठ सोडविण्याचे धाडस प्रथम दाखविले ते पाटण्याने. १९९३ साली तेथे घराचे स्थान, बांधकामाचा प्रकार, वापर आणि क्षेत्रफळ यांवरून आकारणी सुरू झाली व कराचा दर ४३.७५ टक्क्यांवरून थेट ९ टक्क्यांवर आणला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. पुढे दिल्लीने २००४ साली आणि बंगळूरुने २००८ साली क्षेत्रफळावर आधारित आकारणी स्वीकारली.

महाराष्ट्राने निराळी वाट धरली. कायद्यात दुरुस्ती होऊन मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी लागू झाली. शीघ्रसिद्ध गणकातील दर, क्षेत्रफळ, इमारतीचे वय, वापर अशा घटकांवरून हे मूल्य काढतात. लहान घरांना एकदम झळ पोहोचू नये म्हणून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पाच वर्षे जुनाच कर ठेवण्यात आला. मात्र नियम तयार झाले २०१२ साली! ते मागील तारखेपासून लागू करणे आणि भूखंडावर पुढे किती बांधकाम होऊ शकेल याचाही मूल्यात हिशेब धरणे, या दोन्ही गोष्टी मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम केला.

दरम्यान सवलतीचे पाऊल आणखी पुढे पडले. २०१९ साली ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. परंतु ती देयकातील केवळ ‘सर्वसाधारण करा’पुरती होती. पाणीपट्टी, मलनिःसारण, शिक्षण उपकर, पथकर हे रकाने तसेच राहिले आणि माफीची वार्ता वाचलेल्या नागरिकांना देयक पाहून आश्चर्य वाटले. जानेवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने संपूर्ण माफीचा निर्णय घेतला.

लहान घर परवडण्यात या माफीचा वाटा निश्चित आहे. तथापि क्षेत्रफळ हा गरजेचा ढोबळ मापदंड ठरतो. मलबार हिलवरील ४९० चौरस फुटांची सदनिका करमुक्त आणि मानखुर्दमधील ५१० चौरस फुटांचे घर करपात्र, हा न्याय सोपा आहे, समतोल मात्र नाही. खरा प्रश्न सोडलेल्या रकमेचा आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर जकात गेली, तेव्हा महापालिकेला दरवर्षी आठ टक्के वाढीव भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा विधिमंडळाने केला. घरांच्या माफीबरोबर तसा कायदा झाला नाही. सवलत राज्याने जाहीर केली, तिचा मुख्य भार महापालिकेच्या तिजोरीवर आला. रस्त्यावरील खड्ड्यांविषयी सभागृहात लक्षवेधी सूचना येतात. सोडलेल्या उत्पन्नाचा वार्षिक हिशेबही तेवढ्याच आस्थेने सभागृहापुढे यावयास हवा.

बँकेच्या व्यवहाराशीही या विषयाचा निकटचा संबंध आहे. महापालिका कायद्यानुसार थकलेला मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरील पहिला बोजा मानला जातो. जमीन महसुलाची बाकी तेवढी त्याच्या आधी येते. म्हणूनच गृहकर्जाच्या कागदपत्रांत कराची अद्ययावत पावती मागितली जाते. जेथे देयक गृहनिर्माण संस्थेच्या नावाने एकत्र येते, तेथे संस्थेचे थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे. सवलतीच्या सीमेलगत असलेले घर घेताना करारनाम्यातील चटई क्षेत्र आणि महापालिकेच्या दप्तरातील नोंद एकच आहे ना, हेही व्यवहारापूर्वी पडताळून पाहावे.