समर्पित गेम सर्व्हरची साठवण-यंत्रणा

अनेक खेळाडूंचा एकत्रित खेळ सतत चालू ठेवण्यासाठी राखून ठेवलेल्या संगणकाला समर्पित गेम सर्व्हर म्हणतात. खेळातील जगाची स्थिती, खेळाडूंची मालमत्ता आणि त्यांनी केलेली बांधकामे या संगणकाच्या हार्ड डिस्कवर किंवा सॉलिड स्टेट ड्राइव्हवर जतन होतात. या ड्राइव्हांची निवड व मांडणी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. घरगुती संगणकासाठी ड्राइव्ह घेताना प्रथम साठवणक्षमता आणि किंमत पाहिली जाते. गेम सर्व्हरच्या बाबतीत हे प्रश्न बहुधा शेवटी येतात. विखुरलेली माहिती वाचण्यास किती वेळ लागतो आणि जतन केलेले जग नष्ट झाल्यास ते पुन्हा उभे करता येईल का, या दोन प्रश्नांवर निवड मुख्यतः अवलंबून असते.

खेळानुसार बदलणारी गरज

सर्वच खेळ डिस्कवर सारखा भार टाकत नाहीत. काउंटर-स्ट्राइकसारख्या सामन्यांच्या खेळात सर्व्हर नकाशा एकदा मुख्य स्मृतीत घेतो आणि सामना संपेपर्यंत त्याला डिस्कची फारशी गरज पडत नाही. अशा सर्व्हरवर महागडा ड्राइव्ह बसवल्याने नकाशा थोडा लवकर उघडतो, याहून अधिक काही साधत नाही. आर्क: सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ड आणि व्हॅल्हाइम यांसारखे खेळ संपूर्ण जग एका मोठ्या फाइलमध्ये ठराविक अंतराने लिहितात. त्या क्षणी खेळ किंचित अडखळल्याचे खेळाडूंना जाणवते आणि जग जुने व मोठे होत जाईल तसे हे अडखळणे वाढते.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीची रीत वेगळी आहे. तिचे जग १६ × १६ ठोकळ्यांच्या पायावर उभ्या असलेल्या स्तंभांत विभागलेले असते. अशा एका स्तंभाला चंक म्हणतात. २०१२ साली आलेल्या अ‍ॅन्व्हिल या फाइलस्वरूपात ३२ × ३२ म्हणजे १,०२४ चंक एका प्रदेश-फाइलमध्ये ठेवले जातात. प्रत्येक चंक ४,०९६ बाइटांच्या खंडांत आणि संपीडित रूपात असतो. खेळाडू पुढे सरकेल तसे नवे चंक वाचले जातात आणि मागे राहिलेले लिहून ठेवले जातात. परिणामी डिस्कपुढे मोठ्या सलग वाचनाऐवजी लहान आणि विखुरलेल्या मागण्यांची रांग लागते. डिस्कवरील भार समजून घेण्यासाठी हा खेळ सर्वांत उपयुक्त असल्यामुळे पुढील विवेचन प्रामुख्याने त्याला धरून आहे.

हार्ड डिस्कची मर्यादा

माइनक्राफ्टचा सर्व्हर एका सेकंदात २० वेळा जगाची स्थिती पुढे नेतो. प्रत्येक पावलाला टिक म्हणतात आणि एका टिकसाठी ५० मिलिसेकंद मिळतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणून हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी ४.२ मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचे साधारण ८ मिलिसेकंद त्यात मिळवले, तर एका विखुरलेल्या वाचनास सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका टिकमध्ये जेमतेम चार वाचने होतात, तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास.

दृश्य-अंतर १० ठेवलेल्या सर्व्हरवर प्रत्येक खेळाडूभोवती २१ × २१, म्हणजे ४४१ चंक स्मृतीत ठेवावे लागतात. पंख लावून आणि आतषबाजीचे बाण सोडत उडणारा खेळाडू सेकंदाला तीस ठोकळ्यांहून अधिक अंतर कापतो. त्यासाठी दर सेकंदाला २१ चंकांच्या सुमारे दोन ओळी लागतात, म्हणजे चाळीसच्या वर चंक. त्यातच १.१७ आवृत्तीपासून प्राणी व इतर सजीव-निर्जीव घटकांची नोंद भूभागापासून वेगळ्या फाइलमध्ये होते, त्यामुळे एका चंकसाठी एकाहून अधिक ठिकाणी जावे लागते. कार्यप्रणालीची कॅश काही वाचने वाचवते हे खरे. तरीही असे दोन-तीन खेळाडू वेगवेगळ्या दिशांना निघाले की एकटी हार्ड डिस्क मागे पडते. तिच्यावर सेकंदाला दोनशे मेगाबाइट असा आकडा छापलेला असला, तरी तो सलग वाचनाचा असल्यामुळे येथे उपयोगाचा नसतो.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसतो. तिच्यावरील विखुरलेले वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होते, म्हणजे हार्ड डिस्कच्या तुलनेत सुमारे शंभरपट लवकर. साटा जोडणीवरील ड्राइव्ह सेकंदाला ५५० मेगाबाइटांच्या आसपास थांबते आणि तिच्या एकमेव रांगेत ३२ आज्ञा मावतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई या मानकात हजारो रांगांची सोय आहे. तथापि एका मध्यम सर्व्हरसाठी हार्ड डिस्ककडून साटा ड्राइव्हकडे जाण्याने पडणारा फरक प्रचंड असतो, तर साटाकडून एनव्हीएमईकडे जाण्याचा फरक अनेकदा खेळाडूंना जाणवतही नाही. एकाच यंत्रावर अनेक जगे चालवणाऱ्यांना मात्र एनव्हीएमईचा खरा लाभ होतो.

येथे एक गैरसमज आढळतो. आजवर कोणीही न गेलेल्या भागात खेळाडू शिरला की तेथील भूभाग डिस्कवरून वाचला जात नाही. तो प्रोसेसर गणिताने तयार करतो. त्या वेळचे अडखळणे नव्या ड्राइव्हने जात नाही. जगाची हद्द ठरवून तिच्या आतील भूभाग आधीच तयार करून ठेवणे हा त्यावरील उपाय होय. तसे केल्यावर ते काम पुन्हा डिस्ककडे येते आणि मग चांगल्या ड्राइव्हचे मोल दिसते.

ड्राइव्ह झिजण्याची भीतीही बहुधा वाजवीपेक्षा अधिक असते. एक टेराबाइटच्या अनेक टीएलसी ड्राइव्हांना ६०० टेराबाइट लेखनाची हमी असते. रोज १०० गीगाबाइट लिहिले तरी ती सोळा वर्षे पुरेल. स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हांची हमी कमी असते आणि त्यांची जलद कॅश भरली की लेखनाचा वेग एकाएकी घसरतो.

वीज जाण्याचा धोका

लिहायला दिलेली माहिती काही क्षण ड्राइव्हच्या अंतर्गत स्मृतीत थांबते. त्याच वेळी वीज गेली तर ती नाहीशी होते. सर्व्हरसाठी बनवलेल्या ड्राइव्हांत यासाठी धारित्र बसवलेले असतात, जे वीज गेल्यावरही उरलेले लेखन पूर्ण होईपर्यंत पुरवठा टिकवतात. घरगुती ड्राइव्हांत ही सोय सहसा नसते. माइनक्राफ्टच्या मांडणीत चंक समकालिक पद्धतीने, म्हणजे ड्राइव्हने पोच दिल्यावरच पुढे जाऊन लिहिण्याचा पर्याय आहे आणि तो मुळातच चालू असतो. वेग वाढवण्यासाठी तो बंद करण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. अखंड वीजपुरवठा नसलेल्या जागी तो सल्ला मानणे धोक्याचे ठरते. संपूर्ण जग मुख्य स्मृतीतील आभासी डिस्कवर चालवण्याच्या प्रयोगालाही हाच आक्षेप लागू होतो.

रेड मांडणी

अनेक ड्राइव्ह एकत्र जोडण्याच्या रेड या पद्धतीची मांडणी डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कली येथे केली. रेड ० मध्ये माहिती ड्राइव्हांत वाटली जाते. एक ड्राइव्ह गेली की सर्व जाते, म्हणून जगाच्या मुख्य प्रतीसाठी ती अयोग्य ठरते. रेड ५ मध्ये प्रत्येक लहान लेखनासाठी दोन वाचने आणि दोन लेखने करावी लागतात, आणि गेम सर्व्हरची लेखने लहानच असतात. दोन समान सॉलिड स्टेट ड्राइव्हांचे रेड १, म्हणजे एकीचे हुबेहूब प्रतिबिंब दुसरीवर, ही मांडणी बहुतेक सर्व्हरना पुरेशी आहे. एक ड्राइव्ह बिघडली तरी खेळ थांबत नाही.

प्रतिबिंब म्हणजे राखीव प्रत नव्हे. एखाद्याने जग पुसले, चुकीची आज्ञा दिली किंवा फाइल बिघडली, तर तो बिघाड त्याच क्षणी दोन्ही ड्राइव्हांवर उमटतो.

स्ट्रासबर्ग येथील आग

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक पाच मजली इमारत पूर्णतः नष्ट झाली. रस्ट या खेळाचे २५ युरोपीय सर्व्हर तेथे होते. त्यांवरील माहिती परत मिळणार नसल्याचे खेळाची निर्माती फेसपंच स्टुडिओज हिने जाहीर केले. इमारतच जळाल्यावर आतील ड्राइव्ह कोणत्या मांडणीत होत्या, या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

रस्टमध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जग नव्याने सुरू करण्याची प्रथा आहे, म्हणून गेलेली बांधकामे तशीही काही आठवड्यांचीच सोबती होती. माइनक्राफ्टच्या टूबीटूटी या सर्व्हरवर २०१० पासून एकच जग चालू आहे. तेथे असेच नुकसान झाले तर गेलेले परत उभारणे अशक्य होईल. राखीव प्रतींवर किती खर्च करावा हे ठरवताना सर्व्हरच्या आकारापेक्षा त्याच्या जगाचे वय पाहणे अधिक योग्य.

राखीव प्रती

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम येथेही वापरला जातो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. हार्ड डिस्क आपली जागा येथे राखून आहे. राखीव प्रत सलग लिहिली जाते, त्यामुळे तिचा मंद शोध आड येत नाही आणि स्वस्त साठवण कामी येते. मात्र एकमेकांवर चढणाऱ्या मार्गिकांच्या, म्हणजे एसएमआर पद्धतीच्या डिस्क रेडमध्ये घालणे टाळावे. रेडमधील बिघडलेली डिस्क बदलल्यानंतरची पुनर्बांधणी अशा डिस्कवर फार रेंगाळते. खोक्यावर ही पद्धत नेहमी छापलेली नसते. उत्पादकाच्या तांत्रिक तक्त्यात पाहावे लागते.

चालू सर्व्हरच्या फाइल तशाच उचलल्यास प्रत अर्धवट निघू शकते. माइनक्राफ्टमध्ये आधी स्वयंचलित जतन थांबवून, स्मृतीतील सर्व चंक डिस्कवर उतरवण्याची आज्ञा देऊन, मग प्रत घेतात आणि जतन पुन्हा सुरू करतात. व्हॅल्हाइममध्ये जगाच्या दोन फाइल असतात व दोन्ही एकाच वेळच्या लागतात. घेतलेली प्रत अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे हा कामाचाच भाग आहे, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो.

माइनक्राफ्टचे जग प्रदेश-फाइलींत विभागलेले असण्याचा येथे एक लाभ होतो. एखादाच भाग बिघडला असेल, तर सर्व्हर बंद करून ५१२ × ५१२ ठोकळ्यांची तेवढीच फाइल जुन्या प्रतीतून आणता येते. तिच्यासोबत त्याच नावाची घटकांची फाइलही आणावी लागते. ती राहिली तर भूभाग जुना आणि त्यावरील प्राणी नवे अशी विसंगती उद्भवते.