मोटारीच्या अंतर्भागातील आगीचे नुकसान

मोटारीच्या अंतर्भागातील आगीचे नुकसान म्हणजे प्रवासी बसतात त्या कक्षात लागलेल्या आगीमुळे आसने, छताचे अस्तर, डॅशबोर्ड, वायरिंग आणि सुरक्षासाधने यांची होणारी हानी होय. काचा बंद असल्यास प्राणवायू अपुरा पडून अशी आग पुष्कळदा आपोआप विझते. मग बाहेरून धडधाकट दिसणारी मोटार आतून काजळीने माखलेली आढळते. ती वाचवता येईल की नाही, हे जळालेल्या आसनांवरून ठरत नाही. वायरिंग व पत्रा यांच्या स्थितीवरून ठरते.

कारणे

नागपूरचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. मे २०१३ मध्ये तेथे ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. सीताबर्डीच्या बाजारपेठेत (नागपूरकरांच्या बोलण्यात नुसती ‘बर्डी’) एखादी मोटार दुपारभर उन्हात बंद उभी राहिली, की आतील हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक तापते. केवळ उन्हाने आसन पेट घेत नाही. मात्र डॅशबोर्डवर विसरलेला लायटर, सुगंधी फवाऱ्याचा डबा किंवा पॉवर बँक अशा उष्णतेत धोकादायक ठरते. फवाऱ्याच्या डब्यांवर ५० अंशांच्या वर तापू न देण्याची सूचना छापलेली असते, ती याचसाठी.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण वायरिंगचे. म्युझिक सिस्टिम, कॅमेरा किंवा जादा दिवे बसवताना मूळ तार सोलून जोड दिला जातो व त्यावर चिकटपट्टी गुंडाळली जाते. उष्णतेने ती पट्टी सुटते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून अधिक क्षमतेचा फ्यूज घातला, तर फ्यूजऐवजी तार जळते. उंदरांनी कुरतडलेल्या तारांचा परिणामही हाच.

अंतर्भागातील साहित्य किती वेगाने जळावे याला मर्यादा आहे. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या ३०२ क्रमांकाच्या मानकानुसार ती मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. भारतात यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. ही मानके आग मंदावतात, थोपवत नाहीत. आणि बाजारातून घेऊन चढवलेली सीट कव्हरे त्यांत बसतीलच असे नाही.

धुराचे परिणाम

आसनांतील पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. म्हणून पेटलेल्या मोटारीत डोके घालून सामान काढण्याचा मोह प्राणावर बेतू शकतो. दूर होऊन १०१ किंवा ११२ वर कळवणे हेच शहाणपणाचे. (अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरातच आहे.)

तारांवरील पीव्हीसीचे आवरण जळाल्यावर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलाव्याशी संयोग झाला की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल बनते आणि तारांची टोके, जोडण्या, इलेक्ट्रॉनिक पट्ट्या गंजू लागतात. मे महिन्यात जळालेली व वरवर पुसून ठेवलेली मोटार पावसाळ्यात एकाएकी बंद पडते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. अग्निशामक नळकांड्यातील कोरडी भुकटीही दमट हवेत धातू खाते. तीही लवकर काढावी लागते.

सफाई व दुरुस्ती

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सुटे करतात. विम्याचा दावा करायचा असल्यास सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत काहीही न हलवता छायाचित्रे घेतात. ब्लोअर किंवा वातानुकूलन चालू करू नये. काजळी नळ्यांत ओढली जाते. काजळी ओल्या फडक्याने पुसणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण ती तेलकट असल्याने कापडात अधिकच मुरते. आधी व्हॅक्यूमने कोरडी ओढून घ्यावी, नंतर सौम्य साबणाचे पाणी वापरावे. या कामात मुखपट्टी व हातमोजे आवश्यक असतात.

फोममध्ये शिरलेला वास अत्तराने जात नाही. हिवाळ्यात तो गेल्यासारखा वाटतो आणि उन्हाळ्यात पुन्हा उमटतो. म्हणून फोम, गालिचा व छताचे अस्तर बदलणेच बरे. जुन्या मोटारींची स्प्रिंगा, काथ्या व रेक्झीनची आसने कुशनचे काम करणारा कारागीर नव्याने बांधू शकतो.

सीटबेल्ट व एअरबॅग यांबाबत तडजोड नसावी. पट्टा शाबूत दिसला तरी उष्णतेने त्याचे धागे कमकुवत होतात. एअरबॅगमध्ये स्फोटक द्रव्य असल्याने ती जाणकारानेच काढावी. तारांचे आवरण कडक होऊन तडकत असेल, तर तुकडे जोडण्यापेक्षा वायरिंगचा संपूर्ण संच बदलावा. पत्र्याच्या बाहेरच्या बाजूचा रंग करपला असेल किंवा छत खचले असेल, तर पोलादाचे बळ घटल्याची शंका घ्यावी.

विमा आणि जिव्हाळ्याची मोटार

केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास स्वतःच्या मोटारीला लागलेल्या आगीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर साधारणतः ५० टक्के घसारा वजा होतो, आणि अंतर्भाग तर बहुतांशी याच वस्तूंचा असतो. दुरुस्तीचा खर्च विमा-घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास मोटार पूर्ण नष्ट झाली असे धरले जाते.

जुन्या मोटारींच्या बाबतीत हा हिशेब मालकाला जाचक वाटतो. कुर्ल्याला बनणारी प्रीमिअर पद्मिनी किंवा २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली अँबेसेडर यांचे विमामूल्य अल्प असते. वडिलांनी घेतलेल्या गाडीचे घरातील स्थान त्यात मोजले जात नाही. पाच वर्षांहून जुन्या मोटारीचे मूल्य मालक व विमा कंपनी यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे त्याची बोलणी आग लागण्यापूर्वी, विमा घेतानाच करावी लागतात. उलटपक्षी, अशा मोटारींत इलेक्ट्रॉनिक भाग थोडे व वायरिंग साधे असल्याने त्यांची पुनर्बांधणी नव्या मोटारींपेक्षा सोपी असते. मोटार कायमची निकामी झाल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकरणास कळवून नोंदणी प्रमाणपत्र परत करावे लागते.