काट्यावरचं लिटर

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर आमचा बाळापूरचा किल्ला उभा आहे. नदीलाच म्हैस म्हणणाऱ्या गावात दुधाचा हिशेब तरी चोख हवा. पण रोज सकाळी माझ्या डेअरीच्या ओट्यावर कॅन काट्यावर चढली की कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, किती लिटर भरलं?" एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र मलाच टोकलं होतं, "काट्यावर लिटर कसं येते बाप्पा? काटा त किलो सांगते."

त्यांचं खरं होतं. लिटर म्हणजे दुधाने व्यापलेली जागा आणि किलो म्हणजे त्याचं वजन. पाण्याचं लिटर जवळपास किलोभरच भरतं, म्हणून दोन्ही एकच असा समज रूढ झाला. दुधात साखर, प्रथिनं आणि क्षार असतात, त्यामुळे ते पाण्यापेक्षा जड. १ लिटर दूध सुमारे १ किलो ३० ग्रॅम भरतं. लॅक्टोमीटरवर ३० आकडा दिसतो तो याचाच, म्हणजे घनता १.०३०. पाणी घातलं की आकडा उतरतो. साय काढली की तो चढतो, आणि साय काढून वर पाणी ओतलं तर पुन्हा जागच्या जागी येऊन बसतो. म्हणून नुसत्या लॅक्टोमीटरवर मी दूध घेत नाही, फॅटही तपासतोच.

३० ग्रॅमने काय बिघडतं? १० लिटर दूध मापाने घेतलं आणि वहीत १० किलो लिहिलं, तर शेतकऱ्याचं रोज ३०० ग्रॅम दूध फुकट जातं. महिन्याला ९ किलो! उलट दुकानदाराने किलोभर तोलून लिटरचा भाव लावला, तर गिऱ्हाइकाच्या भांड्यात २९ मिलिलिटर कमी पडतं. रोजच्या लिटरभर रतिबात महिन्याला पाऊण लिटरहून जास्त तूट आली. काही इलेक्ट्रॉनिक काट्यांवर थेट लिटर दिसतं, पण आत किलोला १.०३ ने भागलेलंच असतं. हा भागाकार शेतकऱ्याला ठाऊक असला पाहिजे.

माझं मत विचाराल, तर घेताना किलोच. ताज्या धारेच्या दुधावर फेस असतो आणि मापात फेसही जागा अडवतो. काट्याला तो फसवू शकत नाही. शिवाय धारोष्ण दूध थंड केलं की साधारण एक टक्का आकसतं, वजन मात्र ग्रॅमभरही हलत नाही. आणि मुख्य म्हणजे फॅटची टक्केवारी वजनावर असते. ७ फॅटचं १० किलो दूध म्हणजे ७०० ग्रॅम फॅट. तेच १० लिटर असेल, तर ७२१ ग्रॅम. आमच्याकडच्या पूर्णाथडी म्हशीचं दूध असं घट्ट असतं, तिच्या मालकाने तर हा हिशेब पाठच करावा. खवा भट्टीवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. ते दूध किलोनेच घेतात आणि खवाही किलोनेच विकतात.

इतर काही देशांतही घेताना वजनच चालतं. न्यूझीलंडमध्ये शेतकऱ्याला दुधातल्या फॅट आणि प्रथिनांच्या किलोवर पैसे मिळतात. अमेरिकेत शेतकऱ्याचा भाव १०० पौंडांवर ठरतो आणि दुकानात तेच दूध गॅलनने विकलं जातं. आपला देशही वर्षाचं उत्पादन टनांतच मोजतो.

विकताना मात्र लिटर बरं. दारात काटा घेऊन कोण फिरणार? पूर्वी शेर-पावशेर चालायचे, आणि शेरही गावोगावी वेगळा. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि लिटर सगळीकडे सारखं झालं. माप दांड्याचं असो की पिशवी असो, लिटर तेच. फक्त मापाचं बूड चेपलेलं नको आणि दूध फेस बसल्यावर मोजलेलं हवं.

तेव्हा दूध घालणाऱ्यांनो, पावतीवर किलो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) असे तिन्ही आकडे मागून घ्या. भाव लिटरचा आहे की किलोचा, तेही विचारा. आणि गिऱ्हाइकांनो, मापावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का ते एकदा उलटून पाहा. डेअरीवाला चिडला, तर दुसरी डेअरी गाठा, माझी असली तरी.