सपाट मैदानातला उतार

रायपूरभोवतीच्या माळावरून तलावाकडे जाणारी सोपी पायवाट म्हणजे मृदाशास्त्राचा उघड्यावरचा धडा

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी सालेकसा, डोंगरगडची झाडी आणि टेकड्या मागे टाकते आणि राजनांदगावच्या पुढे खिडकीबाहेर सगळे सपाट होऊन जाते. धानाच्या बांध्या, बांधांवर बाभळी, मध्येच एखादा तलाव आणि पुन्हा बांध्या. रायपूर येईपर्यंत हेच चालते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्याकडे पाहुणा म्हणून जाणाऱ्याला मात्र इथे पायी फिरण्यासारखे काही असेल असे सहसा वाटत नाही. चढायला गड नाही, उतरायला घाट नाही.

हे मैदान दिसते तेवढे सपाट नाही. शहराबाहेरच्या एखाद्या गावाच्या उंच माळावरून तलावाच्या दिशेने चालत गेले, की एक-दोन किलोमीटरांत जमीन काही मीटर खाली उतरते. चालणाऱ्याला दम लागत नाही, उतार आहे हे ध्यानातही येत नाही. पावसाच्या पाण्याला मात्र तो बरोबर कळतो आणि पाण्यामागोमाग मातीलाही. तेवढ्या अंतरात चार प्रकारची माती लागते. छत्तीसगडचा शेतकरी या चार मातींना वरून खाली भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार म्हणतो. कोणते धान कुठे पेरायचे, गुरे कुठे चारायची, तलाव कुठे बांधायचा, हे सारे या चार नावांत ठरलेले असते.

भाठा : कोकणातल्या सड्याचा भाऊबंद

सुरुवात भाठ्यापासून करावी. तांबूस, खडेदार, उघडा माळ. पायाखाली मुरूम करकरतो. तुरळक बोरी, पळसाची खुरटी झुडपे आणि वारुळे सोडली तर नजरेला अडथळा नाही. भाठ्याचा उघडेपणा आला तो इथल्या पावसाच्या तऱ्हेमुळे. इथे वर्षाचा सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि बाकीचे आठ महिने जमीन वाळत राहते.

लाखो वर्षे असे भिजणे-वाळणे चालले, की झिरपणारे पाणी खडकातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश विरघळवून खाली नेते. मागे उरतात ती लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे. ती वाळून घट्ट होतात, त्यांचे तांबडे खडे बनतात. कोकणातला जांभा याच प्रक्रियेने बनतो. या खडकाला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली, केरळात पाहिलेल्या जांभ्यावरून दिले. रत्नागिरीच्या सड्यावर हिंडलेल्या माणसाला भाठा म्हणूनच ओळखीचा वाटतो.

भाठ्यावर मातीचा थर जेमतेम असतो आणि पडलेले पाणी तिथे थांबत नाही. पावसाळ्यात गवत येते, दिवाळीनंतर ते वाळते. कोदो, कुटकी, तीळ, कुळीथ अशी थोडक्यात भागवणारी पिकेच इथे तग धरतात. २००५च्या सुमारास जैवइंधनासाठी छत्तीसगडमध्ये पडीक जमिनींवर रतनजोतीची, म्हणजे मोगली एरंडाची, मोठी लागवड झाली होती. अशा जमिनीत रतनजोतीचे झाड जगते, पण पाणी आणि पोषणाशिवाय ते पुरेसे बी धरत नाही. त्या योजनेकडून धरलेल्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत. कमी पाण्यात झाड तगणे आणि कमी पाण्यात पीक हाती लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सकाळच्या वेळी याच माळावर चंडोल गात वर चढताना दिसतो, टिटवी ओरडत अंगावर येते. जमिनीवर घरटे करणाऱ्या या पक्ष्यांना झाडे नकोच असतात. त्यांच्या दृष्टीने उघडा माळ हेच भरलेले घर.

खाली उतरताना

माळ संपून पहिली बांधी लागते तिथे मातीचा रंग पिवळट होतो. ही मटासी. थोडे पुढे गेले की ती करडी-तपकिरी होते, ती डोरसा. वरून वाहून आलेले बारीक कण इथे थांबू लागतात, पाणी जरा जास्त दिवस टिकते. मटासीत लवकर निघणारे हलके धान, खाली ओल टिकते तिथे भारी धान, असा सर्वसाधारण हिशेब. भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

उताराच्या प्रत्येक पायरीसाठी वेगळे वाण, यातून छत्तीसगडात धानाची अफाट विविधता उभी राहिली. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात रायपूरमध्ये राहून गावोगावचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. आज हा ठेवा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात जपलेला आहे.

उताराबरोबर माती ठरावीक क्रमाने बदलते, हे विज्ञानाने मांडले ते १९३५ साली. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाला टेकडीमागून टेकडी तोच क्रम दिसत गेला. सुटे सुटे नमुने तपासून उपयोग नाही, माथ्यापासून पायथ्यापर्यंतची साखळी एकत्र वाचली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. या साखळीला मृदाशास्त्रात ‘कॅटेना’ म्हणतात. भाठा-मटासी-डोरसा-कन्हार ही तशीच साखळी आहे आणि शेतकरी तिच्यावरूनच पेरणी ठरवत आला आहे.

बसाल्टाशिवाय काळी माती

सर्वांत खाली कन्हार. काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी. मराठी वाचकाला काळी माती म्हटले की दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, आठवतो. रायपूरच्या मैदानाखाली बसाल्ट नाही. इथे चुनखडक आणि शेल आहे. शंभर कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ आज सिमेंट कारखान्यांचा कच्चा माल आहे आणि गावोगावच्या अंगणांत, कुंपणांत उभी-आडवी लावलेली फरशीही त्यातलीच. खाणीतल्या काही चुनखडकांवर कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळे दिसतात. ते स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सायनोबॅक्टेरियाच्या थरांवर थर साचून झालेले जीवाश्म.

मग काळी माती आली कुठून? भाठ्यावरून धुतली गेलेली सिलिका, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उताराच्या तळाशी साचतात. पाण्याचा निचरा मंद असलेल्या अशा जागी त्यांतून स्मेक्टाइट गटातली चिकणमाती बनते. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. वरच्या माळाने जे गमावले ते खालच्या शेताने कमावले, असा हा सरळ जमाखर्च आहे.

कन्हारात टिकून राहणाऱ्या ओलीवर ‘उतेरा’ चालतो. धान कापायच्या दोनेक आठवडे आधी, उभ्या पिकातच तिवऱ्याचे बी फेकून देतात. नांगरणी नाही, पाणी देणे नाही. धान निघेपर्यंत खाली तिवरा उगवलेला असतो. तिवरा म्हणजे आपल्या विदर्भातली लाखोळी. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. तिच्यात ओडॅप नावाचे चेताविष असते. दुष्काळात महिनोन् महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली, की पायांना लुळेपणा येतो. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने म्हणूनच ओडॅप कमी असलेली ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ ही वाणे काढली. कोवळ्या पाल्याची तिवराभाजी मात्र हिवाळ्यात रायपूरच्या बाजारात हमखास दिसते.

तलाव आणि गाव

उताराचे पाणी जिथे अडवता येते, तिथे तलाव. त्याच्या पाळीवर वड, पिंपळ, आंबा आणि अर्जुन, ज्याला इथे कौहा म्हणतात. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांशी यांचे जवळचे नाते आहे. आंघोळीचा, गुरांचा, निस्ताराचा (रोजच्या घरगुती वापराचा) असे वेगवेगळे तलाव एकाच गावात असू शकतात. चंदखुरीत तर कौसल्यामातेचे मंदिरच तलावाच्या मधोमध आहे.

राजीमच्या पुढे फिंगेश्वरजवळ लचकेरा हे गाव आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मुग्धबलाक, म्हणजे उघड्या चोचीचे करकोचे, इथल्या झाडांवर घरटी करायला येतात. त्यांना त्रास देणाऱ्याला गाव दंड करते. मिटल्यावरही चोचीत राहणारी फट त्यांना गोगलगायी पकडायला उपयोगी पडते आणि त्या गोगलगायी धानाच्या बांध्यांत भरपूर. पक्ष्याचे पोट आणि गावाचे धान, दोन्ही एकाच पाण्यावर.

जंगलाची कडा

सपाटी सोडून महानदीपलीकडे सिरपूर ओलांडले की बारनवापारा अभयारण्याचे जंगल लागते. महाराष्ट्रात क्वचितच दिसणारा साल इथे सागाच्या शेजारी भेटतो. इथेही मातीच बोलते. सागाला निचऱ्याची, चुन्याचा अंश असलेली जमीन आवडते. साल जास्त ओल आणि किंचित आम्लता पसंत करतो. सालाची पंखवाली फळे पहिल्या पावसाच्या सुमारास गळतात. त्यांची उगवणशक्ती जेमतेम आठवडाभर टिकते, त्यामुळे पाऊस लांबला की त्या वर्षीची रोपे बुडाली. बिबट, अस्वल आणि अलीकडे हत्तींचा वावर असल्याने इथे एकट्याने पायी शिरू नये. वनखात्याच्या वाटाड्यासह आणि परवानगी असेल तेवढेच चालावे.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. आरंग किंवा राजीमच्या वाटेवरचे कोणतेही गाव निवडा, सकाळी माळापासून सुरुवात करा आणि बांधाबांधाने तलावापर्यंत या. बांध्यांत उतरू नका, तिथे तिवरा उगवलेला असतो. प्रत्येक टप्प्यावर चिमूटभर माती पाण्याने भिजवून बोटांत दाबून पाहा. भाठ्याची माती गोळाच धरत नाही. मटासीचा गोळा होतो, पण लगेच फुटतो. डोरशाची छोटी पट्टी निघते. कन्हाराची लांब, चकचकीत पट्टी निघते आणि बोटेही काळी होतात. मृदाशास्त्रज्ञ शेतात हीच चाचणी करतात.

नव्या वसाहती, कारखाने आणि मुरमाच्या खाणी या मैदानात पहिल्यांदा येतात त्या भाठ्यावर, कारण कागदोपत्री तो पडीत असतो. गावचा चराऊ माळ तोच, तलावात उतरणारे पाणी गोळा करणारा माथाही तोच. भाठ्याचा निर्णय घेताना म्हणूनच खालच्या तलावाचा आणि कन्हाराचा हिशेबही त्याच कागदावर मांडला पाहिजे.