हेंडरसन बेटावरची आवक

डिसेंबर १८२० मध्ये तीन होड्यांतून वीस उपाशी खलाशी दक्षिण प्रशांत महासागरातल्या एका निर्मनुष्य बेटाला लागले. देवमाशांची शिकार करणारं त्यांचं ‘एसेक्स’ हे जहाज महिनाभरापूर्वी एका देवमाशानेच धडक देऊन बुडवलं होतं. (‘मोबी डिक’ कादंबरीमागे ही घटना आहे.) आठवडाभरात बेटावरचे पक्षी, अंडी, खेकडे संपत आले. सतरा जण पुन्हा समुद्रात गेले, तिघे मागे राहिले. समुद्राकडे डोळे लावून बसलेल्या त्या तिघांना एप्रिलपर्यंत कोणी विचारलं नाही. मग एक जहाज आलं आणि ते सुटले.

हेंडरसन त्या बेटाचं नाव. आज तिथे एकट्या उत्तरेकडच्या पुळणीवर रोज साडेतीन हजारांहून जास्त वस्तू येऊन पडतात. जवळजवळ सगळ्या प्लॅस्टिकच्या.

बेट जेमतेम ३७ चौरस किलोमीटरचं, ब्रिटनच्या पिटकेर्न समूहातलं. शेजार म्हणावा तर पिटकेर्न बेटाचा. तिथली वस्ती पन्नासेक माणसांची. मोठं शहर गाठायचं तर पाच हजार किलोमीटर. जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारे चार भूपक्षी इथे आहेत. माणसाचा हात फारसा लागला नाही म्हणूनच युनेस्कोने १९८८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान दिला.

जेनिफर लॅव्हर्स आणि अलेक्झांडर बाँड या संशोधकांनी २०१५ च्या मोहिमेतल्या मोजणीचा हिशोब २०१७ मध्ये मांडला : बेटावर अंदाजे ३ कोटी ७७ लाख तुकडे, वजन १७.६ टन. काही जागी एका चौरस मीटरमध्ये ६७१. मला या आकड्यांपेक्षा त्यांचा भागाकार जास्त अस्वस्थ करतो. एक तुकडा सरासरी अर्धा ग्रॅमही भरत नाही. शिवाय दोनतृतीयांशांहून जास्त तुकडे वाळूत गाडलेले. म्हणजे गोण्या घेऊन गेलात तरी हाताला लागणार ते मोठं सामान, जाळी, बोयरे, क्रेट. बाकीचं वाळू चाळूनच काढावं लागेल.

इतक्या लांब हे येतं कसं? दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने वर, विषुववृत्ताजवळून पश्चिमेला आणि मग खालून परत, असा हजारो किलोमीटरचा एक प्रवाह सतत फिरतो. त्यात पडलेलं तरंगत राहतं, आतल्या बाजूला सरकतं आणि वाटेत जमीन आली की तिथे साचतं. हेंडरसन नेमकं त्या चक्राच्या कडेला आहे. माणूस फिरकत नाही, पण पाण्याचा तर तो हमरस्ताच.

या मालाचं गिऱ्हाईकही बेटावर आहे : शंखात राहणारा खेकडा. त्याला स्वतःचा शंख नसतो. मेलेल्या गोगलगाईचा शंख शोधायचा, अंग वाढलं की मोठा शंख गाठायचा, हीच त्याची बिऱ्हाडं. हेंडरसनवर सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांत संसार थाटलेले खेकडे दिसतात. त्याचं छायाचित्र पाहून आधी हसूच येतं. पण तोंड वर करून पडलेल्या बाटलीत तो शिरला की गुळगुळीत भिंतीवरून चढता येत नाही. आत मरतो. मेलेल्या खेकड्याच्या वासाचा बाकीच्यांना अर्थ एकच, एक शंख रिकामा झाला. ते धावत येतात आणि त्याच बाटलीत उतरतात. एका डब्यात ५०० हून जास्त सापडले. हेंडरसन आणि आपल्याच हिंदी महासागरातली कोकोस बेटं मिळून असे सुमारे ५ लाख ७० हजार खेकडे अडकल्याचा अंदाज लॅव्हर्स आणि सहकाऱ्यांनी मांडला. बिया पसरवणारा, माती उलथणारा हा प्राणी. त्याच्याविना किनाऱ्यावरचं रान कसं उभं राहणार?

२०१९ मध्ये एका पथकाने पूर्वेकडच्या पुळणीवरून सुमारे सहा टन कचरा वेचला. पण प्रवाळाच्या कड्यांवर लाटा अशा फुटतात की होडी लावणंही जिवावर बेतावं. माल चढवता येईना. शेवटी भरतीच्या रेषेच्या वर ढीग रचून माणसं परत गेली. पुढे २०२४ मध्ये ‘प्लॅस्टिक ओडिसी’ या फ्रेंच मोहिमेने नऊ टनांहून जास्त कचरा उचलून नेला. तोवर उत्तरेच्या पुळणीवरची रोजची आवक चालूच होती.