निवडणुकीचा प्रचार आणि नावाची पत

निवडणूक जाहीर झाली की चौकाचौकांत फलक उभे राहतात आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या फिरू लागतात. त्यांच्याबरोबरच उमेदवारांची विद्रूप केलेली चित्रे, मागचे-पुढचे वाक्य कापलेल्या चित्रफिती आणि निनावी पत्रकेही घरोघरी पोहोचतात. पूर्वी अशी पत्रके रात्री दाराखालून सरकवली जात. आता ती दिवसाढवळ्या मोबाइलवर येतात. ‘राजकारणात हे चालायचेच,’ असे म्हणून सुजाण माणसेही तिकडे काणाडोळा करतात. पण हे चालू द्यावे काय? या प्रश्नाचा विचार करताना परदेशांतील दोन निवडणुका उपयोगी पडतात.

पहिली कॅनडातील, 1993 सालची. लिबरल पक्षाचे नेते ज्याँ क्रेतिएँ यांच्या चेहऱ्याचा एक भाग लहानपणापासून लुळा होता आणि बोलताना त्यांचे तोंड वाकडे होई. सत्तारूढ प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने दूरदर्शनवर जाहिरात दिली, तिच्यात हाच चेहरा जवळून दाखवला होता आणि अशा पंतप्रधानामुळे लाज वाटेल असा सूर लावला होता. लोकांत संताप उसळला. पंतप्रधान किम कॅम्पबेल यांनी लगेच जाहिरात मागे घ्यायला लावली, पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. देवाने दिलेले हे व्यंग आपण बालपणीच स्वीकारले आहे, असे क्रेतिएँ शांतपणे म्हणाले. आपण तोंडाच्या एकाच बाजूने बोलतो, विरोधकांसारखे दोन्ही बाजूंनी नाही, अशी कोटीही ते करीत. 1988 मध्ये 169 जागा जिंकलेल्या त्या पक्षाला या वेळी अवघ्या 2 जागा मिळाल्या. पक्षाची पडझड आधीच सुरू झाली होती, त्यामुळे सारा दोष एका जाहिरातीवर टाकता येणार नाही. तरी बुडत्या पेढीने उरलीसुरली अब्रूही आपल्याच हाताने घालवली, हे खरे.

एवढ्यावरून ‘चिखलफेक शेवटी अंगाशी येते’ असा निष्कर्ष काढणे मनाला बरे वाटेल. दुसरे उदाहरण मात्र तसे म्हणू देत नाही.

1988 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी जॉर्ज बुश आणि मायकेल डुकाकिस यांच्यात लढत झाली. डुकाकिस मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर होते. त्या राज्यात कैद्यांना ठरावीक मुदतीची रजा देण्याची योजना होती. विली हॉर्टन नावाचा खुनाच्या गुन्ह्यातील कैदी रजेवर गेला, परतला नाही आणि पुढे त्याने एका दांपत्यावर भीषण अत्याचार केले. बुश यांच्या समर्थक गटाने या कृष्णवर्णीय कैद्याचे छायाचित्र दूरदर्शनवरील जाहिरातीत झळकवले. घटना खरी होती आणि रजेच्या धोरणावर टीका करणेही न्याय्य होते. पण ही योजना आधीच्या गव्हर्नरच्या काळात, म्हणजे बुश यांच्याच पक्षाच्या राजवटीत, सुरू झाली होती, हे सांगितले गेले नाही. त्या चेहऱ्याने गोऱ्या मतदारांच्या मनातील वर्णभय जागे केले, अशी टीका पुढे कायम होत राहिली. बुश यांनी 50 पैकी 40 राज्ये जिंकली.

त्यांच्या प्रचाराचे सूत्रधार ली अ‍ॅटवॉटर यांनी हॉर्टनचे नाव डुकाकिस यांना जन्माचे चिकटवण्याचा चंग बांधला होता. 1990 मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. मृत्यूपूर्वी काही आठवडे, 1991 च्या आरंभी, ‘लाइफ’ मासिकातील लेखात त्यांनी आपल्या शब्दांतील क्रौर्याबद्दल डुकाकिस यांची क्षमा मागितली. मृत्यूच्या वेळी त्यांचे वय होते अवघे चाळीस. डाव जिंकलेल्या माणसालाच जमाखर्च मांडताना तो तोट्याचा वाटला.

तेव्हा ‘त्याने मते मिळतात का’ ही कसोटी पुरेशी नाही. बाजारात आपला माल सरस आहे, भाव कमी आहे, असे मोठ्याने सांगण्याचा अधिकार प्रत्येक दुकानदाराला आहे. शेजाऱ्याच्या तेलात भेसळ असल्याची खोटी कुजबुज मात्र कोणतीही प्रतिष्ठित पेठ खपवून घेत नाही, कारण तिने एका दुकानाचेच नव्हे, तर साऱ्या पेठेवरील गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. प्रचाराचेही तसेच आहे. सर्वच चोर आहेत अशी मतदाराची खात्री पटली की तो मतदानाच्या दिवशी घरी बसतो.

याचा अर्थ टीका गुळगुळीत असावी असा नव्हे. 1948 मध्ये ‘शंकर्स वीकली’ निघाले तेव्हा, मलाही सोडू नका, असे पंडित नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकर यांना सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. सत्ताधाऱ्याच्या निर्णयावर, हिशेबावर, मोडलेल्या वचनांवर कितीही तिखट चित्र काढावे. देह, जात, धर्म, घरातील स्त्रिया आणि मुले यांच्यावर चित्र उठले की ती टीका राहत नाही. आपल्याकडील आदर्श आचारसंहितेचाही आशय हाच आहे : टीका धोरण, कार्यक्रम आणि कामगिरी यांवर करावी, सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर करू नये.

कायदा याहून पुढे जातो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123(4) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. तो सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होऊ शकते. व्यापारी कुटुंबांनी, विशेषतः मुद्रणालय किंवा फलकछपाईचा व्यवसाय असणाऱ्यांनी, कलम 127अ लक्षात ठेवावे. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असलाच पाहिजे. प्रकाशकाने सही केलेले आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र मुद्रकाने घ्यावे लागते. ते मुद्रित प्रतीसह जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा राज्याच्या राजधानीत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या तरतुदीमागचे तत्त्व व्यापाऱ्याला नवे नाही. हुंडी चालत असे ती तिच्यावरील सहीच्या पतीवर. सहीविना आलेली हुंडी कोणी पेढी वटवत नसे. निनावी पत्रकालाही तोच न्याय लावायला हवा. मजकूर लिहिणारा आपले नाव द्यायला कचरत असेल, तर छापणाऱ्याने आपले नाव त्यासाठी का खर्चावे?

निवडणुकीच्या हंगामात छपाईचे काम भरपूर येते, रोकड हाती खेळते, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणे जड जाते. उद्या तोच सत्तेवर आला तर, ही धास्तीही खरी असते. देणगी मागायला आलेल्या ओळखीच्या कार्यकर्त्याला, या पैशातून कोणता प्रचार होणार, असे विचारणेही अवघडच. तरीही ते विचारावे. घोषणापत्राशिवाय काम घेऊ नये. कुटुंबाच्या किंवा व्यापारी संघाच्या मोबाइल-गटावर आलेले विद्रूप चित्र पुढे धाडू नये, कारण तेथून पुढे ते पाठवणाऱ्याच्या नावाने फिरते. निवडणूक महिन्याभरात संपते. हरलेला उमेदवारही त्याच गावात राहतो, त्याच बाजारात येतो, आणि पेढीवर पाटी आपल्याच नावाची असते.