फोल्डरांचा सातबारा

सकाळी साडेआठ

हंगाम चालू असला की श्रीपूरचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढला, त्याचा कारखाना याच गावात उभा राहिला. इथं घड्याळापेक्षा गाळपाला मान जास्त. कॉलेजात पोचेपर्यंत शर्टाला मळीचा वास लागलेला असतो.

नऊ

लॅबच्या दारात पोरं उभीच होती. "सर, पासवर्ड घेतंय आन् परत तिथंच येतंय." पासवर्ड चुकला तर यंत्र तसं सांगतं. इथं ते काही न बोलता पुन्हा नावाच्या चौकटीवर आणून सोडत होतं. म्हणजे खातं बरोबर, पण घरात पाय ठेवता येईना.

लॅबमध्ये उबुंटू आहे. मुलांची खाती आणि फाइली सर्व्हरवर असतात. कुठल्याही यंत्रावर बसा, आपलं होम फोल्डर समोर येतं. गेल्या आठवड्यात मी जुना सर्व्हर बदलून नवा लावला.

दहा

फोल्डरांची यादी मालकाच्या नावाऐवजी क्रमांकानं काढली आणि कपाळावर हात मारला. लिनक्सला माणसाचं नाव कळत नाही, खात्याचा क्रमांक कळतो. जुन्या सर्व्हरवर क्रमांक प्रवेशाच्या क्रमानं दिलेले. नव्यावर मी एक्सेलची यादी आडनावांप्रमाणे लावून खाती पाडली, आणि सगळे क्रमांक सरकले; फोल्डरांवर मात्र जुनेच राहिले. फोल्डरवर पाटी एकाची, सातबारा भलत्याच्या नावावर. अ‍ॅक्सेस नाही म्हणून लॉगिन परत फिरतं, हे एक वेळ परवडलं. पण एकीचं प्रॅक्टिकल दुसऱ्याला उघडता येत होतं. लॅब बंद केली. चूक सर्वस्वी माझी.

अकरा

दुरुस्तीची स्क्रिप्ट दहा ओळींची. होममधला एकेक फोल्डर घ्यायचा, त्याच्या नावाचं खातं सर्व्हरला विचारायचं, जो क्रमांक येईल त्याच्या मालकीचा तो फोल्डर आतल्या फाइलींसकट करायचा. लिहायला पंधरा मिनिटं लागली. लॅबमधल्या एका यंत्रावरून चालवली तर 'परवानगी नाही'. मी रूट, म्हणजे सर्वाधिकारी, असूनही! बरोबरच होतं: लॅबमधल्या रूटला सर्व्हर परका पाहुणा समजतो, आणि समजलंच पाहिजे. नाहीतर उद्या एखादं हुशार पोर स्वतः रूट होऊन सगळ्यांची घरं उघडेल. सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसलो.

साडेअकरा ते दीड

खरं काम इथं. समजा खात्याचा क्रमांक मिळाला, पण फोल्डरच्या नावाची जागा रिकामी राहिली. मग पत्त्यात नुसतं 'होम' उरतं, आणि अख्खं होम एकाच मुलाच्या नावावर चढतं. म्हणून नियम घातले. नाव रिकामं असेल तर थांब. खातं सापडलं नाही तर हात लावू नकोस, वहीत नोंद कर. फाइलींच्या नावात पोरं सर्रास जागा सोडतात, म्हणून प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत. पहिल्या फेरीत प्रत्यक्ष काही बदलायचं नाही, काय बदलणार ते फक्त छापायचं. ते छापील कागद मी पेन्सिलीनं एकेक ओळ तपासले. शिपाईमामा म्हणाले, "एवढं तर हातानं झालं असतं." झालं असतं, पण हातानंच तर बिघडवलं होतं.

दोन

जेवणाचा डबा उघडला आणि लाइट गेली. आली तेव्हा लॅबची यंत्रं सर्व्हरच्या आधी जागी झाली. यात दुसरी मेख आहे. सर्व्हर जोडला जायच्या आत कुणी लॉगिन केलं, तर नव्या माणसाला घर बांधून देणारी सोय त्याच यंत्राच्या डिस्कवर कोरं होम बनवते. पोर म्हणतं, सर, माझं सगळं गेलं. गेलेलं काही नसतं. उलट त्या दिवशी केलेलं काम त्या एका यंत्रात अडकतं, आणि सर्व्हर जोडला गेला की त्याच्याखाली दडून बसतं. सर्व्हरचं होम जोडलेलं नसेल तर लॉगिनच होऊ द्यायचं नाही, ही तपासणी आजच सगळ्या यंत्रांवर घातली.

चार

स्क्रिप्ट खरोखर चालवली: आधी माझ्या चाचणीच्या खात्यावर, मग एका वर्गावर, मग सगळ्यांवर. प्रत्यक्ष दुरुस्तीला दोन मिनिटंही लागली नाहीत.

साडेपाच

मुलं आत गेली, लॅब सुरू झाली. वहीत एकच फोल्डर उरलाय, ज्याला खातं नाही. गेल्या वर्षी शिकून गेलेल्या मुलाचा. तो रूटच्या नावावर ठेवलाय. मार्चअखेरपर्यंत कुणी मागायला आलं नाही, तर पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवीन.